एसटीचं मागचं चाक आणि बिनकपाचा चहा

केळीला पिलं फुटतात ना, तसे आमच्या प्रत्येक प्रयोगाला चार किस्से फुटतात. ग्रुपमधले दोघं जरी भेटले तरी पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "ए, ते आठवतं का?" आणि मग संपलं!

जळगावला नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आमचं नाटक बसलं. स्वतःच्या मर्जीने लग्न केलेली मुलगी बऱ्याच वर्षांनी माहेरी येते, एवढीच गोष्ट. पण सेट नाही, सामान नाही. झाड, विहीर, बस, सगळं आम्हीच अंगाने करायचं. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "खरं वाटायला नको. दिसायला हवं!"

घरी आबांनी कौतुकाने विचारलं, "काय रोल मिळाला पोरी?"

मी ताठ मानेने सांगितलं, "एसटीचं मागचं चाक."

आबांनी मान डोलावली. मग हळूच म्हणाले, "शेवटच्या वर्षापर्यंत ड्रायव्हर तरी करतील ना?"

* * *

एप्रिलमध्ये जळगावातला माणूस सावलीकडे पळतो. आम्ही कॉलेजच्या मैदानावर स्लो मोशनची प्रॅक्टिस करत होतो. पीयूष म्हणजे कापडाच्या दुकानदाराचा मुलगा, आमच्यातला सगळ्यात सिन्सियर. तो इतका हळूहळू खाली कोसळला, की वॉचमन नाना धावत आले आणि त्याच्यावर अख्खी बादली ओतली!

पीयूषने स्टाइल सोडली नाही. हळूहळू डोळे उघडले, हळूहळू तोंडावरून हात फिरवला.

"वा पीयूष, सोडू नकोस!" सर ओरडले.

नाना त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले, "अहो सर, ऊन उतरत नाहीये याचं! दुसरी बादली आणा!"

* * *

चोपड्याजवळच्या एका गावात प्रयोग होता. एका प्रवेशात आम्ही सगळे गोल बसून चहा पितो. कप नाहीत, बशा नाहीत, फक्त बोटं आणि फुंकर. मी एवढी मन लावून फुंकर मारत होते, की मलाच वाफ दिसायला लागली.

पुढे बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. मागे वळून हाक मारली, "अरे, पोरंस्कडे कप बी नही शेत! बठ्ठास्ले चहा आना रे!"

प्रवेश संपायच्या आत स्टेजवर सगळ्यांसाठी चहाचा ट्रे आला. आता काय करायचं? पीयूषने अत्यंत शैलीदार हाताने खरा कप उचलला, घोट घेतला आणि नाटकात नसलेलं वाक्य टाकलं, "साखर बरोबर आहे!"

त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी त्यालाच पडली.

* * *

धुळ्याला स्पर्धा. ऐन मध्यात लाइट गेले. आम्ही थांबलो नाही. वारा, कुत्री, एसटीचा हॉर्न, सगळे आवाज तोंडाने चालूच होते. आधी एकाने, मग सगळ्या प्रेक्षकांनी मोबाइलचे टॉर्च लावले. त्या हलत्या उजेडात नाटक संपलं.

निकाल लागला. अभिनयाचं बक्षीस नाही, दिग्दर्शनाचं नाही. आम्हाला मिळालं प्रकाशयोजनेचं!

सर ते घ्यायला अगदी रुबाबात गेले.

* * *

आणि मग धुळ्याकडच्याच एका खेड्यातला प्रयोग. मारुतीच्या पारावर, संध्याकाळी.

शेवटच्या प्रवेशात मी दार असते. दोन्ही हात पसरून, ताठ. मुलगी झालेली वैशाली माझ्या तळव्यावर टकटक करते. भाऊ झालेला पीयूष माझ्यामागून म्हणतो, "इथं तुझं कोणी राहत नाही." ती परत फिरते आणि नाटक संपतं.

त्या दिवशी वैशाली फिरली आणि थबकली. पहिल्या ओळीतली एक म्हातारी अक्का गुडघ्यावर हात टेकत उठली होती. पार चढून वर आली. कुणी अडवलं नाही.

तिने वैशालीचा हात धरला. "ये व माय, घरमा ये."

मग माझ्या खांद्यावरून पीयूषकडे पाहिलं. "सरक बाजूले. तुनी बहीण शे ती!"

पीयूषचे डोळे भरले होते. तो खरंच बाजूला झाला.

अक्का वैशालीला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने माझ्या तळव्यावर टकटक केली.

मी उघडले.