रंगरावांचा डावा पाय

बायबलमधला कोणताही उतारा रंगराव वाघचौरे यांच्या हाती द्यावा, त्यातलं सगळं पाणी काढून ते नुसता अर्थ शिल्लक ठेवत. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणून सांगितलं, या उताऱ्यावर तर त्यांचा खास हात बसला होता. “पाय म्हणजे पाय नव्हे! पाय म्हणजे अहंकार!” असं म्हणून ते क्षणभर थांबत, टाळीला जागा ठेवून. घोरपडीतल्या त्यांच्या मिशनच्या देवळात या उताऱ्यावर दरवर्षी त्यांचं प्रवचन होई. पाय मात्र कुणाचा कधी ओला झाला नव्हता.

यंदा ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात पंचाईत अशी झाली, की पाय म्हणजे खरोखरच पाय होता. रंगरावांच्या डाव्या तळव्याला, करंगळीच्या मुळाशी, जखम झाली होती. मधुमेहामुळे दुखत नव्हती, पण चिघळत चालली होती. थोरले बंधू सीताराम असंच एक बोट दाखवायला दवाखान्यात गेले होते आणि गुडघ्याखालचा पाय तिथेच ठेवून आले होते. तेव्हापासून डॉक्टर म्हटलं की रंगरावांना करवत दिसे. म्हणून जखम बायकोपासूनही लपवलेली.

“एप्रिलात मोजे?” सोजरबाईंनी विचारलं. “अहो, काश्मीरला निघालात की काय?”

गुरुवारी लेकीचा, दीपालीचा फोन आला. तिचं सासर कॅथलिक. त्यांच्या चर्चमध्ये पाय धुण्याच्या विधीला बारा जण बसवायचे होते आणि एक जण काविळीने आडवा झाला होता. “बाबा, प्लीज! नुसतं बसायचंय.” लोकांसमोर बसायचं, मग रंगराव नाही कशाला म्हणतील! शिवाय तिथे फक्त उजवा पाय धुतात, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं. संध्याकाळी बाराही जण घरून पाय घासूनपुसून आले होते. एकाने तर पार्लरमध्ये जाऊन नखं चकचकीत करून घेतली होती. फादरनी झारीतून चार थेंब सोडले, टॉवेल टेकवला. इतके स्वच्छ पाय धुवायचा त्यांनाच संकोच वाटला असावा.

शुक्रवारी मेहुणा उत्तरेश्वर घरी आला, तेव्हा रंगरावांनी सगळा प्रसंग साभिनय सांगितला. उत्तरेश्वर शनिवारी उपासना करणाऱ्या मंडळीतला. तिथे प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, माणसं खरोखर एकमेकांचे पाय धुतात.

“एकच पाय?” त्याने चहात बिस्किट बुडवलं. “दुसरा काय नरकात जाणार आहे?”

“प्रतीक असतं ते.”

“आणि दाजी, तुम्ही कुणाचे धुतलेत? उद्या आमच्यात प्रभुभोजन आहे. या. का अर्थाला पाण्याची भीती वाटते?”

सोजरबाई हसल्या. ते हसू रंगरावांना झोंबलं.

“येतो!”

शनिवारी वानवडीतल्या हॉलमध्ये प्लास्टिकचे टब मांडले होते. पाणी कोमट असावं की गार, यावर दोन वडीलधाऱ्यांची शास्त्राधारे चकमक चालली होती. शिष्यांकडे गीझर नव्हता, हा एकाचा बिनतोड मुद्दा. रंगरावांनी उजवा पाय पुढे केला. उत्तरेश्वरने तो बोटांच्या बेचक्यांसकट नीट धुतला.

“दुसरा.”

“एकाने भागतं.”

“तिकडे भागतं. मोजा काढा, दाजी.” आणि त्यानेच तो ओढला.

उत्तरेश्वरचा चेहरा पांढरा पडला. “ताईला ठाऊक आहे?”

रंगराव पुटपुटले, “सीतारामसारखं करतील रे माझं.”

मंडळी भोवती जमली. जखमेला पाणी लावावं का, असा प्रश्न निघाला. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला बायबलातल्या चांगल्या शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस लावला होता, असा दाखला कुणीतरी दिला. पण मंडळीत दारू वर्ज्य; मग तो द्राक्षारस आंबलेला होता की नुसता रस, इथे गाडी अडली.

“रिक्षा बोलवा!” उत्तरेश्वर ओरडला.

दवाखान्याच्या दारात रंगरावांनी त्याचा दंड घट्ट धरला. “आत येशील ना?”

“येतो. पण बोलायचं मी. तुम्ही गप्प.”

करंगळी गेली, पाय राहिला. सोजरबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते शेजारच्या वॉर्डातही ऐकू गेलं. आता रोज संध्याकाळी उत्तरेश्वर ड्रेसिंग बदलायला येतो. नवनवे मुद्दे रंगरावांना अजूनही सुचतात. पण ज्याच्या मांडीवर आपला पाय आहे, त्याच्याशी फार जोरात भांडता येत नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलंय.