दुसऱ्याच्या घरची भाकरी

कसारा घाट चढताना एसटीच्या खिडकीत धुकं भरलं आणि आपण कुठून निघालो हेच क्षणभर मला आठवेना. शेजारी सारामावशी डुलक्या घेत होती.

आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातून ठाण्यात आलेले ज्यू. आमच्या महिला मंडळातल्या दोघीतिघी दर द्राक्षहंगामात नाशिककडे जात. द्राक्षं निवडून पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमधल्या बायकांसाठी पिण्याचं पाणी, पाळणाघर अशा मागण्या घेऊन मालकांपुढे बसत. त्यात आई पुढे असे. यंदा आई नव्हती. सात दिवस जमिनीवर बसून आम्ही दुःख पाळलं. ते संपल्यावर मावशी म्हणाली, "पिंपळगावच्या सुमनला तिनं मालकांशी बोलायचा शब्द दिलाय. तू चल."

"मला बोलता येत नाही, मावशी."

"मग तिथं येऊन गप्प बस."

नाशिकला बस बदलली. पुढे रस्त्यालगत द्राक्षांचे हिरवे मांडव मागे मागे वाहत राहिले. पिंपळगावला उतरलो तेव्हा हवेत कांद्याचा वास होता. पॅकहाऊसच्या आत मात्र गारवा आणि पांढरा उजेड; डोक्याला टोप्या घातलेल्या बायका कात्रीने घड नीट करत होत्या. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटलं.

सुमन एकटीच कोपऱ्यात क्रेट धूत होती. तिचा नवरा ट्रकवर होता, एड्सने गेला. तिला आजार आहे की नाही, हे कुणी विचारलंही नव्हतं.

"माझं काय नाय, मावशी," मालक म्हणाले. "पण बाया तिच्याजवळ बसत नाय. उद्यापासून तिला नाय बोलवता यायचं."

हा आजार शिवल्याने होत नाही, हे मावशीने परोपरीने सांगितलं. बायका मान खाली घालून ऐकत होत्या. हौसाबाई नावाची म्हातारी हसली. "तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं जाल. बसायचं आम्हाला हाय."

जेवणाची सुट्टी झाली. बायकांनी गोल केला. सुमन भिंतीशी बसली. मी तिच्याजवळ गेले.

आमच्यात दफनानंतरचा पहिला घास घरचा नसतो, शेजारचे आणतात. कुणाकडेही माणूस गेलं की आई मसूर आणि उकडलेली अंडी घेऊन धावायची. ती गेली तेव्हा माझ्यासाठीही डबे आले. घास मात्र गिळवला नव्हता.

"काय आणलंयस?" मी विचारलं.

"भाकर, मसुराचं कालवण. पण ताई, माझ्या हातचं कोनी खात नाय."

"माझी आई गेली. आमच्यात दुःखातल्या माणसाला दुसऱ्याच्या घरचं लागतं."

तिने पदराला हात पुसले, पुसतच राहिली. मग भाकरी मोडून कालवणात बुडवली आणि घास माझ्या हातावर ठेवला. लसूण झणझणीत होता. घास खाली उतरला आणि मला रडू फुटलं.

गोलातल्या बायका वळून बघू लागल्या.

"अगं, रडती ती," हौसाबाई ओरडली. "कोरडं चारती का तिला? पानी दे!"

सुमन हलेना.

"माझा तांब्या घे की. बघती काय!"

सुमनने तांब्या उचलून मला दिला. माझं झाल्यावर तिनेच तो हौसाबाईला परत नेऊन दिला. हौसाबाईने त्यात क्षणभर पाहिलं आणि पाणी प्यायली. वरून, ओठ न लावता, पण प्यायली. सुट्टी संपली तशी टेबलाशी तिचा आवाज आला, "सरका गं जरा. ये सुमन."

मालक दारातून बघत होते. "येऊ दे उद्या," ते मावशीला म्हणाले.

परतीच्या गाडीत मावशी म्हणाली, "शेवटी बोलली नाहीसच."

घरी ओट्यावर शेजाऱ्यांचे डबे धुऊन पालथे घातलेले होते. रिकामे परत करायचे नसतात, म्हणून तसेच राहिले होते. मी मसूर भिजत घातले.