आई कामठीच्या पुढं गेली

चहा येऊ द्या, तोवर सांगून टाकतो. हसू आलं तर हसा, मले वाईट नाही वाटणार. मी माह्या आईले हरवलं, अन् तेही ती गेल्यावर. जिवंत माणूस कोणीही हरवते, जत्रेत, बाजारात. गेलेलं माणूस हरवायले अक्कल लागते.

पहिल्यापासून सांगतो.

आई वस्तू ठेवायची अन् विसरायची. चाव्या, चष्मा, पर्स. म्हून मी ते टॅग आणले होते. तुम्ही पाहिले असतील, कोटाच्या बटनासारखे गोल. वस्तूले लावायचा, मग ती वस्तू कुठं आहे त्याचा ठिपका फोनच्या नकाशावर दिसते. जवळ गेलं अन् फोनवर दाबलं की टॅग चिवचिव करते. तिच्या पर्सवर जो लावला, त्याले फोनमध्ये नाव दिलं, 'आई'.

अन् मी कसा आहे ते तुम्हाले माहीत आहे. ती दुपारी लवंडली की मी दुसऱ्या खोलीतून पर्स वाजवायचो. ती उठायची अन् खिडकीशी जाऊन चिमणी हाकलायची. खिडकीत चिमणी नसायचीच. "मेली दिसत नाही, पण असते इथंच," म्हणायची. नंतर नंतर तर ती तिथं वाटीत तांदूळ ठेवायले लागली होती. मी सांगणार होतो तिले. एखाद्या दिवाळीत, सगळे जमले की सांगू, म्हटलं.

दिवाळीच्या आधीच गेली. हार्टनं. प्रताप नगरातून दवाखाना काही लांब नाही, पण तिनं तेवढाही वेळ दिला नाही.

माही ताई गुवाहाटीले असते, जावई फौजेत आहेत. अग्नी द्यायच्या वेळेपर्यंत ती पोहोचू शकत नव्हती. फोनवर म्हणे, "मोनू, राख सावडा, पण अस्थी मी आल्याशिवाय रामटेकले पाण्यात शिरवू नका. मले तिच्यापाशी घडीभर बसू दे. अन् हे पहा, तू सांभाळ तिले. यावेळी गंमत नको करू."

"नाही करत," म्हटलं.

अन् खरंच नाही केली. तेच तर दुःख आहे. जन्मभर गंमत म्हणून जे केलं ते बरोबर जमलं. एकदाच मनापासून काम केलं, तर हे झालं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी मडक्यात, मडकं लाल कापडात बांधलेलं. घाटाबाहेर सामानाचं दुकान एकच, म्हून सगळ्यांचं मडकं सारखं अन् कापडही सारखं. अस्थी घरात आणत नाहीत. घाटावर टिनाचं शेड आहे, त्याच्या भिंतीले खुंट्या आहेत, नेईपर्यंत तिथं टांगून ठेवतात. बाबानं आईले दारापासून दुसऱ्या खुंटीवर टांगलं. मग खाली उभे राहून कितीतरी वेळ वर पाहत राहिले.

"पडणार तर नाही ना गा?" मले विचारलं.

"नाही पडत, बाबा."

"तिले उंचावर भेव वाटते."

घरी आलो अन् डोक्यात किडा वळवळायले लागला. सगळी गाठोडी सारखी. कोणी चुकून आपलं नेलं तर? ताई उद्या संध्याकाळी येऊन राहिली, तिले काय दाखवू, खुंटी? मग मी पर्सचा टॅग काढला. संध्याकाळी एकटाच घाटावर गेलो. दारापासून दुसऱ्या खुंटीवरच्या लाल कापडात टॅग खोचला, हात जोडले, म्हटलं, "आई, आता तू कुठं जात नाही." घरी येऊन असा झोपलो की ती गेल्यापासून पहिली झोप तीच.

सकाळी दात घासता घासता फोन पाहिला. आई कामठीत होती.

ब्रश तसाच तोंडात, बाबाकडं पळालो. "बाबा, आईले कोणीतरी नेलं."

बाबा बसून होते, बसूनच राहिले. "हो ना रे बापू," म्हणे. "नेलंच की."

"तसं नाही. तिचं मडकं नेलं. हा पहा ठिपका, हा पळून राहिला."

बाबानं चष्मा लावला. नकाशावर 'आई' लिहिलेलं पाहिलं अन् ते अक्षरावर बोट ठेवून बसले. मग उठून चपला घातल्या.

गाडी मी चालवत होतो, बाबा मागं फोन धरून. घाट आमच्या रस्त्यातच लागते. बाबा म्हणे, "एकदा आत पाहून घेऊ का?"

आता इथं थांबा. चहाचा घोट घ्या. गाडी उभी करायची, आत डोकवायचं, परत यायचं. कोणीही शहाणा माणूस हेच करंन का नाही?

मी म्हटलं, "बाबा, रिकामी खुंटी काय पाहता? फोन खोटं बोलत नाही."

मग पूर्ण रस्ता बाबा मागून बातम्या देत राहिले. "कामठीच्या पुढं गेली." "कन्हानचा पूल ओलांडला तिनं." "थांबली. चहा पिऊन राहिली असंन." मनसरच्या आधी एकदम गप्प झाले. मले वाटलं नेट गेलं. तर मागून हळूच आवाज आला, "दरवर्षी म्हणे, रामटेकले न्या, रामटेकले न्या. मी म्हणो, पुढच्या वर्षी. आता एकटीच निघाली."

मी गाडी अजून जोरात पळवली.

रामटेकच्या अंबाळा तळ्यावर पोहोचलो तर पायऱ्यांवर पाच-सहा माणसं, मध्ये गुरुजी. एका बाईच्या मांडीवर लाल गाठोडं. गुरुजी म्हणून राहिले होते, "हं, आता पाण्यात सोडा."

"सोडू नका," मी वरूनच ओरडलो. "ती माही आई आहे."

बाईनं गाठोडं छातीशी धरलं. तिचा काका, पांढऱ्या टोपीवाला म्हातारा, मधात आला. "काय बे, पिऊन आला का? हा आमचा दादा हाय. बुटीबोरीहून आलो आम्ही."

"बुटीबोरीहून या नाहीतर कुठूनही या, घाटावरून माही आई उचलून आणली तुम्ही. हे पहा फोनवर."

"फोनवर काय पाहू? दादाले काय आम्ही वळखत नाही?"

"गाठोड्यात कसं वळखता? ऐका मग."

अन् मी दाबलं.

गाठोडं चिवचिवलं. गुरुजी बसल्या जागेवरून दोन पायऱ्या वर गेले, ते उठलेले मले दिसलेच नाहीत. काका टोपी काढून गाठोड्याजवळ वाकला अन् बारीक आवाजात म्हणे, "दादा?"

मी समजावून सांगितलं. टॅग काढून दाखवला. त्या बाईनं गाठोडं माह्या हातात दिलं. रडून राहिली होती. "मग आमचे बाबुजी कुठी हायत?" म्हणे. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "ताई, आपल्या वस्तूवर लक्ष ठेवावं लागते."

असं म्हटलं मी. तोंडावर.

काका खाली बसला होता. तो म्हणे, "उघडून तर पाहू. दादाचा पाय मोडला होता, मांडीत रॉड टाकली होती डॉक्टरनं. लोखंड काही जळत नाही. रॉड नाही निघाली तर घेऊन जा तुही माय."

गुरुजींनी लांबूनच मान हलवली. मी गाठ सोडली, झाकण काढलं.

रॉड होती. चांगली वीतभर, स्क्रूसकट.

मी बाबाकडं पाहिलं. खरं सांगू, त्या घडीले मले वाटलं, बाबा म्हणतील हो, तिच्याही पायात होती, तुले सांगायचं राहिलं.

"नव्हती," बाबा म्हणाले, अन् पायरीवर बसले.

आता मार खायची तयारी ठेवली मी. खायलेच पाहिजे होता. पण त्या बाईनं पदरानं डोळे पुसले, मडकं परत मांडीवर घेतलं, कापड नीट बांधलं अन् विचारलं, "मग तुही माय कुठी हाय?"

मी फोन पाहिला. 'आई'चा ठिपका माह्याच हातात होता.

"जाय बापू, पळ," ती म्हणे. "एकटी असंन ते."

येताना कन्हान आलं, कामठी आली, कोणी बातमी दिली नाही.

घाटावरच्या त्या शेडले दारं दोन आहेत हो. बाबासंग रस्त्याकडच्या दारानं गेलो होतो, संध्याकाळी एकटा गेलो तो पार्किंगकडच्या दारानं. दारापासून दुसरी खुंटी दोन्हीकडून असते, हे मी त्या दिवशी शिकलो. बाकी खुंट्या रिकाम्या झाल्या होत्या. एकच गाठोडं उरलं होतं, बाबानं टांगलं होतं तिथंच. घडीभरही कुठं गेली नव्हती ती. गेलो होतो आम्हीच.

बाबानं तिले उतरवलं, बाकावर बसून मांडीवर घेतलं, कापडावरची धूळ हातानं झटकली. मी समोर उभा. "बाबा, मी..." म्हटलं, तर त्यांनी हात वर केला अन् मडक्याकडं वाकले.

"अवं, पोरगा आला. रागावू नको त्याले. रस्त्यात ट्राफिक होती."

शाळेत होतो तेव्हापासून मले उशीर झाला की बाबा दारातून आत हेच सांगायचे. अन् आई सैपाकघरातून म्हणायची, "कायची ट्राफिक? खोटं नका बोलू, दोघंही सारखेच."

बाबा थांबले. मीही थांबलो.

काहीच आवाज आला नाही. पहिल्यांदा मानलं तिनं.