एका तिकिटावर तीन नावं

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दाखले, सातबारा, पीकविमा, झेरॉक्स आणि तिकिटं. पूर्वी फक्त रेल्वेची काढायचे, मग विमानाचीही काढायला लागले. एमआयडीसीत ओडिशा-बिहारकडची पोरं कामाला आहेत. कुणाची आई सीरियस झाली, कुणाचा बाप गेला, की ती माझ्याकडे धावत येतात आणि मी त्यांना सगळ्यात स्वस्त विमान शोधून देते. हे करता करता माझा असा समज झाला होता की विमानातलं मला सगळं कळतं. स्वतः मी तोवर एकदाही विमानात बसले नव्हते, पण तालुक्यात हे विचारतो कोण!

नियम बदलत गेले तशी मीही बदलत गेले. सुरुवातीला तिकीट म्हणजे तिकीट होतं. काउंटरवर जाऊन गोड बोललं की शेजारशेजारच्या जागा मिळायच्या. मग स्क्रीनवर रंगीत चौकोन आले आणि प्रत्येक चौकोनाला वेगळी किंमत. खिडकीची वेगळी, पाय लांब करायची वेगळी. मग विमानात चढायचे नंबर आले. जास्त पैसे भरणारे आधी, आमच्यासारखे शेवटी. शेवटी चढलात की डोक्यावरच्या कप्प्यात पिशवीला जागा नाही. मी गिऱ्हाइकांना हे सगळं समजावून सांगायचे आणि ती पोरं मान हलवायची. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण त्याच्याजवळ अक्कल वापरायला वेळच नसतो, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी विमान कंपनीची मेल आली. भाड्याचे नवे प्रकार, जागांचे नवे नियम, सगळं म्हणे 'आपल्या सोयीसाठी'. भलीमोठी इंग्रजी मेल. लोकांच्या उत्पन्नाच्या दाखल्यातला एकेक शब्द मी तीनदा वाचते. ही मेल मी वाचली नाही. खाली 'मान्य आहे'वर टिचकी मारली आणि कामाला लागले.

माझी धाकटी बहीण रायपूरला असते. असायची. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिकडचा मुलगा इंजिनिअर होता, त्याच्याशी तिनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. बाबांनी तिचं नाव टाकलं. आमचं घर धसईजवळ, भाताची शेती, चार भावकीतली घरं एका अंगणावर. बाबांना त्या अंगणात मान वर करून चालायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी पोटच्या पोरीशी नऊ वर्षं बोलणं टाकलं. ती दर दिवाळीला माझ्या फोनवर फोन करायची. "बाबा आहेत का?" बाबा समोर ओट्यावर बसलेले असायचे आणि हातानं नाही म्हणायचे. मी सांगायचे, खळ्यावर गेलेत, धसईच्या बाजाराला गेलेत, आत्ताच डोळा लागलाय. नऊ वर्षांत मी किती कारणं दिली त्याला गणती नाही. तिला ती कळत होती हे मलाही कळत होतं.

मग तिच्या पोटातला आजार निघाला, तोही उशिरा. डॉक्टरांनी दिवसांची भाषा सुरू केली. तिनं मला फोन केला. आवाज इतका बारीक की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकलं. "ताई, बाबांना आण. बाकी कुणी नाय आलं तरी चालंल."

मी घरी जाऊन आईला सांगितलं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी आतून ऐकलं असावं. भाताची झोडणी चालू होती, अंगभर कुसळं. हातपाय धुऊन ते आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं बी काढ तिकीट." आई चुलीसमोर बसून रडायला लागली. मी पण रडले. नऊ वर्षांनी आमच्या घरात काहीतरी चांगलं घडत होतं आणि ते अशा निमित्तानं.

रेल्वेला जवळजवळ पुरा एक दिवस लागणार, त्यात वेटिंग. म्हणून विमान. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून मी तीन नावं भरली. आई शेजारी बसली होती. ती चौथी शिकलेली, स्क्रीनवर बोट ठेवून नावं मोजली आणि एकदम म्हणाली, "हे तीन एकाखाली एक नको."

आमच्याकडे तिघं मिळून कामाला निघत नाहीत. तीन तिघाडा काम बिघाडा. सोयरीक बघायला जायचं तर दोघं जातात, नाहीतर चौघं. तिघंच असले तर खिशात एक सुपारी टाकतात, तीच चौथी. मी वैतागून म्हटलं, "आई, सुपारी घे ना मग."

"सुपारीनं एसटीचं भागतं गो. हितं कागदावर तीन नावं छापून येनार. आजारी मानसाकडं जायाचंय. नको."

मी भांडले असते. इतर वेळी हमखास भांडले असते, या असल्या गोष्टींवरून आमच्या दोघींचं कायम वाजतं. पण त्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आणि मला वाटलं, काय फरक पडतो? विमान तेच, वेळ तीच. काउंटरवर गोड बोलू. मी दोन तिकिटं केली. आई आणि मी एकावर, कारण आईला मी लागणार. बाबा एकटे दुसऱ्यावर. भाडं दोन्हीकडे सगळ्यात खालचं.

निघायच्या आदल्या दिवशी दुकानात बोर्डिंग पास काढले. एका तिकिटावर दोघी असल्यानं आईच्या आणि माझ्या पासवर सीटचे नंबर होते. बाबांच्या पासवर नंबराच्या जागी नुसती आडवी रेघ. 'सीट गेटवर मिळेल.' थोडे पैसे भरले असते तर त्याच मिनिटाला नंबर आला असता. मी भरले नाहीत. मला वाटलं, गेटवर फुकट मिळणारच आहे तर कंपनीची धन कशाला करा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

पहाटे इको गाडी केली. विमानतळावर बाबा टोपी हातात घेऊन चालत होते, जसे ते देवळात चालतात. तपासणीला फोन, पट्टे, पाकिटं ट्रेमध्ये टाकली. पलीकडे एकच गर्दी. बाबा गोंधळतील म्हणून मी सगळ्यांच्या ट्रेमधलं भराभर गोळा केलं आणि पर्समध्ये कोंबलं.

गेटवर आमचा नंबर सगळ्यात शेवटचा. आधीचे नंबर पुकारले गेले, रांगा संपत आल्या, आणि काउंटरवरच्या मुलीनं बाबांचा पास बघून त्यांना बाजूला उभं केलं. मोठं विमान बिघडलंय, लहान आलंय. जागा कमी पडल्यात. आधी पैसे देऊन सीट घेतलेले, मग एका तिकिटावरची कुटुंबं, मग उरलेले. उरलेल्यांची यादी होती आणि बाबा त्यात चौथे होते.

"अहो, आम्ही एकाच घरातले आहोत," मी म्हटलं. "आडनाव बघा ना."

"मॅडम, हे बुकिंग वेगळं आहे. सिस्टमला हे एकटेच दिसतात."

मुलगी वाईट नव्हती. वीस-बावीसची असेल. आईनं 'वेगळं' एवढंच ऐकलं आणि ती पुढे झाली. काउंटरला दोन्ही हात लावून म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं वेगळं काढाया. चुकी माझी हाय. आता एकच करून दे गो बाय."

त्या मुलीनं खाली बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, माझी सीट यांना द्या, मी उद्या येते. तेही नाही. मी सीट सोडली तर ती यादीतल्या पहिल्याला जाणार. बाबांना नाही. मी ओरडले. मोबाइलवर बघत बसलेल्या दोन-तीन माणसांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मुलीनं बाबांना दुसऱ्या दिवशीच्या विमानाचा कागद दिला.

मी मागे राहिले असते तर आई एकटी रायपूरला पोचली नसती. दोघी राहिलो असतो तर त्या दिवशी तिच्याकडे कुणीच गेलं नसतं. हे हिशेब मी अजून करते. उत्तर बदलत नाही, तरी करते.

बाबांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "ह्याच्यावर नंबर हाय ना?"

मी बघितलं. होता.

"मग जा तुमी. ती वाट बघत आसंल. तिला सांग, मी येतोय."

विमानात शिरलो तर पुढच्या ओळींमध्ये मधल्या सीटा रिकाम्या. शेजारी कुणी नको म्हणून लोक त्याचेही पैसे भरतात, आणि एकदा भरले की ती जागा रिकामीच जाते. हे मला माहीत होतं, मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगितलेलं होतं. आई प्रत्येक ओळीशी थांबत होती. "ही रिकामी हाय की गो. आनि ही बी." मागचे लोक ढकलत होते. मी तिला दंडाला धरून पुढे नेलं. 

रायपूरला पोचलो तेव्हा बहीण खाटेवर उशीच्या टेकूनं बसवलेली होती. इतकी लहान झाली होती की मी क्षणभर दारातच थांबले. आई तिच्या गळ्यात पडली. बहिणीनं तिच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा?"

"येतायत. उद्या येतायत. आमच्याबरोबर विमानतळापर्यंत आले होते. जागा नव्हती."

"तिकीट नव्हतं?"

"तिकीट होतं गो. जागा नव्हती."

मी समजावून सांगायला लागले. मोठं विमान, लहान विमान, वेगळं बुकिंग, यादीतला नंबर, पासवरची रेघ. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं की हे बनवलेलं वाटतंय. खळ्यावर गेलेत, बाजाराला गेलेत, डोळा लागलाय, त्याच आवाजात मी हेही सांगत होते. ती शांतपणे ऐकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ताई," ती म्हणाली, "आता तरी कशाला एवढं रचून सांगतेस?"

"खरंच आले व्हते गो," आई म्हणाली. "तुझी शपथ."

"आई, तूसुद्धा?"

मला एकदम सुचलं, त्यांच्याशीच बोलणं करून देते. मी बाबांचा नंबर लावला. माझ्याच पर्समध्ये फोन वाजला. तपासणीनंतर मीच तो उचलून आत टाकला होता. वाजणारा फोन मी बाहेर काढला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. बहिणीनं त्या फोनकडे बघितलं. बाबांच्याच फोनवर लावू का, असं ती दिवाळीला विचारायची तेव्हा मी तिला हेच सांगायचे की त्यांचा फोन माझ्याकडे राहिलाय. ती हसली, थोडंसंच, आणि तिनं डोळे मिटले. मग त्या कंपनीच्या नंबरावर, विमानतळाच्या नंबरावर मी संध्याकाळपर्यंत फोन लावत राहिले. एक दाबा, दोन दाबा. गेटजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्याला फोनवर बोलवा, एवढंच मला सांगायचं होतं, त्यासाठी कुठलं बटण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली.

आता दुकानात कुणी दोन तिकिटं वेगळी काढायला सांगितली की मी काढत नाही. भांडते. लोक म्हणतात, बाईचं डोकं सरकलंय. आई तिघाड्याचं नाव आता काढत नाही, आणि ती काढत नाही हे मला सहन होत नाही.

ती गेली त्या दिवशी दुपारी बाबांना आणायला मी एकटीच रायपूरच्या विमानतळावर गेले. जावई बाकीच्या तयारीत होते. सगळे उतारू बाहेर पडले आणि मग बाबा आले. आदल्या दिवसापासून ते त्याच गेटवर बसून होते. झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, टोपी डोक्यावर नीट घातलेली. मी एकटी उभी आहे हे त्यांनी लांबूनच बघितलं. ते जवळ आले तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही.

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मी निघालो व्हतो, हे सांगितलंस तिला?"

"सांगितलं, बाबा."

"जागा नाय भेटली, ते बी?"

"ते पण."

"पटलं तिला?"

"पटलं," मी म्हटलं. "लगेच पटलं."

त्यांनी मान हलवली. त्यांचे खांदे थोडे सैल झाले. "मग बरं झालं," ते म्हणाले, आणि मला विचारलं की गाडी कुठं हाय.