कुदळ माझीच होती

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी मिशीवर जातो आणि मग गुपचूप खाली येतो.

तेव्हा मी सोलापुरात फौजदार होतो. एका व्यापाऱ्याच्या गोदामातून रेशमाच्या लडींची दोन गाठोडी गेली. कुलूप शाबूत, म्हणून मी त्याच दिवशी पहारेकऱ्याला उचललं. मंद्रूपकडचा साधा माणूस. तीन दिवस उलटसुलट विचारलं; उत्तर एकच, "म्या न्हाय घेतलं, सायेब. कायबी विचारा."

चौथ्या दिवशी त्याची बायको बोचकं घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसलेली.

"घरमालकानं भांडी भाईर काडली, सायेब. पोलिसानं नेलेल्याचं बिऱ्हाड नको म्हनला. आता कुटं जाऊ?"

मी ऐटीत सांगितलं, "बाई, घर भाड्यानं द्यायचं तर माणूस पारखावाच लागतो. त्याचं काय चुकलं?"

हे सांगणाऱ्या माझ्या स्वतःच्या घरात, मागच्या दोन खोल्यांत, महिनाभरापूर्वीच एक भाडेकरू आला होता. दाराशी लवून उभा राहिला, विणकर आहे म्हणाला. मी दोनच गोष्टी विचारल्या: दारू पितोस का आणि कोंबड्या पाळणार का? दोन्हीला नाही म्हणाला. मी खूश! "कुठला, कोणाचा, विचारा तरी," असं बायको म्हणाली, तर "चेहरा वाचतो मी," म्हणून तिला गप्प केलं. मागासाठी जमिनीत खड्डा लागतो, विणकर त्यात पाय सोडून बसतो. तो खणायला कुदळसुद्धा मीच दिली.

ती बाई ठाण्यावर आली त्याच दुपारी खबऱ्या आला. "माल गावाभाईर गेला न्हाय. मागाच्या खड्ड्यात हाय, एवढंच कानावर आलंय."

दोन दिवस आम्ही घरोघरी खड्डे तपासले. विणकर मंडळींनी काम थांबवून दाखवले, मनात काय म्हणाले ते सोडा. हाती धूळ लागली. माझं घर सोडून सगळी पेठ पाहून झाली होती.

दुपारी जेवताना बायकोनं विचारलं, "अहो, आपल्या भाडेकरूचा खड्डा पाहिलात?"

"तो बिचारा दिवसभर खटखट करत असतो. ऐकू येत नाही तुला?"

"येतं की. पण आजूबाजूचे सगळे गल्लीत उभ्या सुताचा लांब ताणा पसरतात, घरच्या बायका त्याला खळ लावतात. ह्याचा ताणा एकदा तरी बाहेर आला? मग रोज विणतो काय?"

घास ताटात ठेवून मी उठलो.

मागच्या दारी गेलो. घरातलं एक सूत तोडून दोन्ही टोकं भाडेकरूपुढे धरली. "जोड."

खरा विणकर बोलता बोलता गाठ मारतो, बघतही नाही. हा चपलेची वादी बांधावी तसा झटू लागला.

"आज हात दुखतोय, साहेब."

"कोणता?"

त्यानं आधी उजवा पुढे केला, मग डावा.

माझ्याच घराची झडती मीच घेणं बरं दिसलं नसतं. वरिष्ठांना बोलावलं, गल्लीतले दोन पंच घेतले. रिकामा माग बाजूला केला, खड्ड्यातली फळी उचलली, खाली रेशीम. मग तो सरळ बोलला. पूर्वी त्याच गोदामात हमाल होता, किल्लीचा ठसा तेव्हाच घेतलेला. फौजदाराच्या घराची झडती कोण घेणार, म्हणून खोल्या माझ्याच पाहिल्या.

पंचनाम्यात घरमालकाचं नाव लिहिताना जमादार थांबला. "साहेब, हुद्दा पण घालू?"

"घाल."

पहारेकरी संध्याकाळी सुटला. कोठडीत टाकलेल्याला मी तीन दिवस प्रश्न विचारले आणि घरात घेतलेल्याला दोनच. पुढे नोकरीभर कोणालाही उचलण्याआधी मला ते आठवत गेलं. दाराशी कोणी लवून उभा राहिला की अजून जरा सावध होतो.

खड्डा बुजवून मी त्या खोल्या पहारेकऱ्याला देऊ केल्या. नवरा-बायको बघायला आले. त्यानं कौलं पाहिली, पायानं जमीन ठोकून पाहिली.

"सायेब, आदी कोन ऱ्हात हुतं हितं?"

माझ्या बायकोनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. जबाब मी दिला, उभ्यानं, अगदी पहिल्यापासून. कुदळीसकट.