कमलचे लांब टाके

कमल गेल्याचा फोन तिच्या सुनेनं केला, सकाळीच. "आई गेल्या ना ताई..." एवढंच ती बोलू शकली. मी तेव्हा गोधडीवर पट्टी ठेवून टाके मापत बसले होते. फोन ठेवल्यावरही हातातली ओळ मी शेवटपर्यंत मापली. पाच आठवडे झाले त्याला, अजून माझी मलाच चीड येते.

महाल भागातल्या आमच्या गल्लीतल्या आम्ही चौघी बारा वर्षं दर बुधवारी दुपारी माझ्या घरी गोधडी शिवायला बसायचो. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, चौघींनी चार कडा धरायच्या आणि धावदोरा घालत मध्याकडे सरकायचं. कमल विणकराच्या घरची, कापडाची जाण आमच्यात तिलाच. पण बोलायला लागली की तिचा टाका लांबायचा, ओळ भलतीकडेच वळायची. नवऱ्याची नक्कल करताना तर सुई हातात तशीच राहायची. एक गोधडी सहा-सहा महिने चालायची आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. पुढे मला वाटायला लागलं. मी मुख्याध्यापिका होते. निवृत्त झाले, खोड गेली नाही.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनासाठी आमच्याकडे दिवाळीपर्यंत दहा गोधड्या मागितल्या. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. बुधवारच्या जोडीला सोमवार आणि शुक्रवार आले. चहा चार वाजता, तोवर गप्पा बंद.

"काहून वं ताई, आपण शाळेत येऊन राहिलो का?" कमल म्हणाली. बाकीच्या दोघी हसल्या. मी नाही हसले... सगळ्या घरी गेल्या की मी कमलचे टाके उसवायचे आणि सरळ घालून ठेवायचे. विणकराच्या लेकीला ते कळणार नाही, असं मी धरून चालले होते.

एका शुक्रवारी ती गोधडीच्या आपल्या बाजूच्या कडेवरून हात फिरवत राहिली. "हे टाके माह्या हातचे नाहीत," ती म्हणाली.

"अगं, प्रदर्शनात ठेवायचंय. जरा नीट नको का दिसायला?"

तिनं सुई कापडात खोचली आणि चहा न घेता उठली. पुन्हा आली नाही. रुसली असेल, येईल आपणहून, असं मी म्हणत राहिले. दोन घरं सोडून तिचं घर. मी एकदाही गेले नाही. दहाही गोधड्या वेळेत झाल्या. लोकांनी सफाईचं कौतुक केलं आणि मी ते खुशाल ऐकून घेतलं.

तेरवीनंतर सुनेनं मला आतल्या खोलीत नेलं. कमलच्या खाटेवर एक लहानशी गोधडी होती, अर्धीच शिवलेली. टाके बारीक, एकसारखे. एकही ओळ वाकडी नाही.

"रोज दुपारी एकट्याच शिवत बसत," सून म्हणाली. "एक टाका लांब झाला की सारी ओळ उसवत. मी म्हणलं, आई, राहू द्या ना. तर म्हणे, सरळ जमली का ताईले दाखवतो, मंग जातो बुधवारी."

ताईंनीच पूर्ण करावी, म्हणून सुनेनं ती गोधडी मला दिली. मी सुई ओवून बसते. तिच्यासारखा एक तरी लांब टाका घालावा म्हणते... पण हात सरळच चालतो.