नुसती वाफ

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, मी सिगारेट सोडली. त्याआधी तेवीस वर्षं, दिवसाला अकरा. आखातात नोकरीला असलेल्या मेहुण्याने त्याच सुमारास पेनाएवढं एक यंत्र आणून दिलं आणि बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं, "भावोजींसाठी वाफेचं मशीन आणलंय." त्याला पुदिन्याचा वास यायचा. तिला वाटलं, खोकल्यासाठी आहे. मी तिचा समज दुरुस्त केला नाही. आपल्याकडे या ई-सिगारेटींवर बंदी आहे, हेही मला ठाऊक होतं. भुईगावच्या घरामागच्या केळीत उभा राहून मी ते ओढायचो. ती आतून विचारायची, "वाफ घेतली का?" मी म्हणायचो, "घेतली."

माझा हिशेब सरळ होता. जळत काही नाही, म्हणजे राख नाही, टार नाही. अकरातून अकरा गेले. द्रवाच्या बाटलीवर पन्नासचा आकडा होता, बाकी मजकूर अरबी. विजेचं मीटर दर रविवारी वाचणारा मी, पन्नास कशाचे हे मात्र विचारलं नाही.

पंचविसाव्या दिवशी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालो. ऑपरेशन दुपारी दोनला होतं. सकाळी अकराला भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या.

"सिगारेट?"

"बंद. पंचवीस दिवस."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"शेजारणी पैज लावत होत्या, ईस्टरपर्यंत टिकत नाही म्हणून," बायको कौतुकाने म्हणाली. "आता नुसती वाफ घेतात, डॉक्टर. दिवसातून सात-आठदा!"

"एवढी कशाला? दोनदा पुरे. आणि पाणी फार कढत नको." त्यांनी कागदावर 'तंबाखू : नाही' लिहिलं, माझी सही घेतली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

त्या कागदावरून त्या भूल ठरवणार होत्या. बायकोने माझा शर्ट घडी करायला घेतला, खिशातलं मशीन आणि बाटली काढून उशाशी ठेवली. "हे आणलंत ते बरं केलंत. उद्या खोकला आला तर टाके दुखतील."

डॉक्टर तिसऱ्या खाटेवरून दाराकडे निघाल्या होत्या.

"डॉक्टर," मी हाक मारली. "ती वाफ पाण्याची नाही."

त्यांनी बाटली उजेडात धरली. "पन्नास म्हणजे मिलिलीटरला पन्नास मिलिग्रॅम निकोटिन. दिवसाला किती संपतं?"

"दोन मिलिलीटर." गुणाकार मी मनातच केला. शंभर मिलिग्रॅम.

"सगळं रक्तात जात नाही," त्या म्हणाल्या. "आणि सिगारेटच्या धुरापेक्षा यात विषारी घटक कमी, हेही खरं. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरायला वेळ लागतो. श्वासनळी चिडलेली असली तर भुलीत आकसू शकते. तीस-चाळीस वर्षांनी फुप्फुसांचं काय होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. ही यंत्रं येऊन तेवढी वर्षंच झाली नाहीत. शेवटचं कधी ओढलंत?"

"साडेआठला. इथल्या गच्चीवर."

बायकोचे हात शर्टावर थांबले.

"आज ऑपरेशन नाही. चार आठवडे दोन्ही बंद, मग या." डॉक्टरांनी 'नाही' खोडून 'होय' लिहिलं आणि खोडलेल्या जागी माझी सही मागितली.

सही करून मी वर पाहिलं. बायकोने घडी केलेला शर्ट उलगडून माझ्यापुढे टाकला.

"घाला," ती म्हणाली. "मी रिक्षा बघते."